भाग ३७ : बॅटरी पिवळी पडत नाही

(नेहमीप्रमाणे, ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी हा भाग लिहून काढला आहे. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय माझ्या ताईमुळे आला. तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, सहाव्या वर्षी टाइप १ डायबेटिस निघाला. आता तो अकरा वर्षांचा आहे आणि दंडावर सीजीएम लावतो. सीजीएम म्हणजे कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर: त्वचेखाली केसाएवढी तार, वर छोटा ट्रान्समीटर, आणि दर पाच मिनिटांनी फोनवर साखरेचा आकडा. गेल्या पावसाळ्यात एकदा रात्री पावणेतीनला ताईचा फोन वाजला. ती धडपडत उठली, तिला वाटलं साखर पडली. बघते तर ट्रान्समीटरची बॅटरी कमी झाल्याची सूचना. मुलाची साखर होती ११८, एकदम झकास. ताईने सूचना बाजूला सारली आणि झोपली. चार दिवसांनी, पुन्हा रात्रीच, आकडे येणं बंद झालं आणि या वेळी काहीच वाजलं नाही. सकाळी बोटातून रक्त काढून बघितलं तर साखर ५४. त्याला ग्लुकोजचं पाणी दिलं, तो सावरला.

मग मला फोन. "अरे, तुम्ही इंजिनिअर लोक बॅटरी कधी संपणार तेवढं नीट सांगू शकत नाही का?"

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. हा भाग म्हणजे त्याचं जरा नीट उत्तर.

सुरुवात थोडी मागून करू. आमच्या आजोबांच्या भाषेत बॅटरी म्हणजे टॉर्च. "बॅटरी घे, विहिरीकडे जाऊन येऊ." त्या टॉर्चमधले सेल संपत आले की उजेड पिवळा पडायचा, मग तांबूस, मग निखाऱ्यासारखा. म्हणजे कमी बॅटरीची सूचना त्या सेलच्या रसायनातच होती. जुन्या झिंक-कार्बन सेलचं व्होल्टेज वापरासोबत हळूहळू उतरत जातं. गोष्टीच्या शेवटी हा पिवळा उजेड परत लागणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

आता साखर मोजण्याकडे. १९६२ मध्ये लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स या दोन अमेरिकी संशोधकांनी कल्पना मांडली की ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवलं तर साखर विजेच्या प्रवाहात मोजता येईल. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी तसा एन्झाइम इलेक्ट्रोड करून दाखवला. आजचे बहुतेक सेन्सर याच कल्पनेची नातवंडं आहेत. एन्झाइम साखरेशी प्रक्रिया करतं आणि त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोड मोजतो. प्रवाह इतका छोटा की नॅनोअँपिअरमध्ये मोजावा लागतो. गंमत बघा, साखर मोजायला वीज जवळजवळ लागतच नाही. वीज खातो तो रेडिओ, म्हणजे आकडा दुसरीकडे पाठवण्याचं काम. हेही लक्षात ठेवा.

पण लोकांच्या हाती आधी आलं ते वेगळंच यंत्र. १९७० च्या सुमारास एम्स कंपनीचा रिफ्लेक्टन्स मीटर आला. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा, पट्टीचा रंग बदलायचा आणि यंत्र तो रंग काट्याने दाखवायचं. वजन किलोभराच्या वर. कारण? आत शिसे-आम्लाची रिचार्जेबल बॅटरी होती. आपल्या घरच्या इन्व्हर्टरमध्ये असते तीच जात. पुढे जपानी बनावटीचा आयटोन आला. तो हलका होता, स्वस्त होता, पण त्याला भिंतीतला प्लग लागायचा. म्हणजे घरगुती साखर-मोजणीच्या अगदी पहिल्या पानावरही प्रश्न हाच होता की वीज कुठून आणायची.

त्या एम्स मीटरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रिचर्ड बर्नस्टाइन नावाचा एक इंजिनिअर, लहानपणापासून डायबेटिस. त्याने यंत्राची जाहिरात बघितली आणि विकत घ्यायला गेला. कंपनी म्हणाली, आम्ही फक्त डॉक्टर आणि हॉस्पिटलना विकतो. त्याची बायको डॉक्टर होती, तिच्या नावाने त्याने यंत्र मागवलं. मग दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजून त्याने आपला आजार आटोक्यात आणला. डॉक्टर लोक एका इंजिनिअरचं ऐकेनात, म्हणून पठ्ठ्याने पंचेचाळिशीत मेडिकल कॉलेजला प्रवेश घेतला. पेशंटला स्वतःचा आकडा बघू द्यायचा की नाही, हा वाद तेव्हापासूनचा आहे. आकडा साखरेचा असो नाहीतर व्होल्टेजचा.

सतत मोजण्याचं काम सुरू झालं ते हॉस्पिटलात. १९७७ च्या बायोस्टेटरला पलंगाशेजारी मोठी जागा लागायची. बॅटरीचा प्रश्नच नव्हता, तो भिंतीला जोडलेला. मग १९८२ मध्ये ओसाकाच्या शिचिरी आणि सहकाऱ्यांनी सुईसारखा सेन्सर त्वचेखाली बसवून दाखवला. तिथून माणूस हलायला मोकळा झाला, आणि यंत्राला स्वतःची शिदोरी सोबत घ्यावी लागली.

१९९९ मध्ये मिनीमेडच्या पहिल्या सीजीएमला अमेरिकेत मंजुरी मिळाली. कमरेला डबा, डब्यातून वायर पोटावरच्या सेन्सरकडे, तीन दिवस लावायचं. पण पेशंटला काही दिसायचं नाही. नंतर डॉक्टर डेटा उतरवून घ्यायचे आणि आलेख बघायचे. अशा यंत्रात बॅटरी संपली तर आलेखात भोक पडतं, एवढंच. त्या रात्री कुणाचा जीव त्या आकड्यावर टांगलेला नसतो. आपल्याकडे २०१५ मध्ये ॲबटने जो लिब्रे प्रो आणला, तोही याच जातीचा. दंडावर १४ दिवस, आकडे फक्त डॉक्टरांच्या रीडरमध्ये. महाराष्ट्रात बऱ्याच जणांची सीजीएमशी पहिली ओळख अशी, "डॉक्टरांनी एक बटण चिकटवलंय" अशी झाली.

मध्येच २००१ चं ग्लुकोवॉच येऊन गेलं. मनगटी घड्याळ, जे सौम्य विद्युतप्रवाहाने त्वचेतून साखर ओढून घ्यायचं. तीन तास वॉर्म-अप, मग बारा तास वापर, आणि खाली त्वचा लाल. फार काळ टिकलं नाही.

खरा बदल २००५-०६ नंतरचा. मेडट्रॉनिकचं गार्डियन रिअल-टाइम, २००६ मध्ये डेक्सकॉमचं एसटीएस, २००८ मध्ये ॲबटचं नॅव्हिगेटर. आता आकडा पेशंटच्या डोळ्यासमोर आला, साखर पडली की अलार्म वाजायला लागला. लोक त्या अलार्मच्या भरवशावर झोपायला लागले. आणि ज्या दिवशी माणूस अलार्मच्या भरवशावर झोपतो, त्या दिवसापासून अलार्मची बॅटरी हा तब्येतीचा प्रश्न होतो.

तिन्ही कंपन्यांनी तीन वाटा धरल्या. नॅव्हिगेटरच्या ट्रान्समीटरमधला बटन सेल घरी बदलता यायचा. मेडट्रॉनिकने ट्रान्समीटर रिचार्जेबल केला. सेन्सर बदलताना काढा, छोट्या चार्जरला लावा, हिरवा दिवा बघा. गंमत म्हणजे त्या चार्जरमध्येच एक बारका पेन्सिल सेल घालावा लागतो. त्यांच्या पंपावर येणारी सूचना मला या सगळ्यात समजूतदार वाटते: २४ तासांत ट्रान्समीटर चार्ज करा. टक्केवारी नाही, लाल चित्र नाही, हातात किती वेळ आहे तो सांगितलाय. त्या चोवीस तासांत माणूस झोपू शकतो, ऑफिसला जाऊन येऊ शकतो.

डेक्सकॉमने तिसरी वाट धरली. ट्रान्समीटर पूर्ण सीलबंद, बॅटरी आत गाडलेली. संपली की ट्रान्समीटरच नवा घ्या. पाणी आत जात नाही, आकार छोटा राहतो, हे खरं. २०१२ च्या जी४ चा ट्रान्समीटर सहा महिन्यांच्या हिशोबाने विकला जायचा. २०१५ मध्ये जी५ आला, ब्लूटूथवरून थेट फोनशी बोलणारा, आणि आयुष्य झालं तीन महिने. वीज रेडिओ खातो म्हटलं होतं ना, ते हे.

आता त्या बटन सेलकडे येऊ, कारण ताईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. अशा ट्रान्समीटरमध्ये सहसा सिल्व्हर ऑक्साइडचे सेल असतात, घड्याळात असतात तसे. एका सेलचं व्होल्टेज साधारण १.५५. दोन एकापुढे एक लावले की ३.१. हा सेल टॉर्चच्या सेलसारखा पिवळा पडत नाही. जवळजवळ आयुष्यभर तो १.५५ च्या आसपासच राहतो आणि अगदी शेवटी कड्यावरून पडल्यासारखा कोसळतो. घड्याळासाठी हे उत्तम, काटा शेवटपर्यंत बरोबर चालतो. पण "किती उरलंय?" विचारलं तर व्होल्टेज बघून सांगता येत नाही. ऐंशी टक्के उरले असताना आणि वीस टक्के उरले असताना आकडा जवळपास तोच. तुमच्या मोबाइलला टक्केवारी सांगता येते, कारण त्यात किती चार्ज आत आला, किती गेला याचा हिशोब ठेवणारी वेगळी चिप असते. एवढ्याशा ट्रान्समीटरमध्ये तेवढी चैन करायला जागा आणि वीज दोन्ही नाही.

मग उरतात दोन उपाय. एक, कड्याच्या थोडं अलीकडे व्होल्टेजची रेघ मारायची आणि ती ओलांडली की ओरडायचं. दोन, बॅटरीकडे बघायचंच नाही, कॅलेंडर बघायचं. जी५ मध्ये ट्रान्समीटर स्वतःचे दिवस मोजायचा आणि ११२ दिवसांनंतर नवीन सेन्सर सुरूच करू द्यायचा नाही, आत बॅटरी शिल्लक असो वा नसो.

इथे आमच्या जमातीचे लोक गोष्टीत येतात. २०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक नावाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या चार वर्षांच्या मुलाला टाइप १ निघाला. कॉस्टिक एका सुपरमार्केट साखळीत नोकरीला. त्याला ऑफिसात बसून मुलाची साखर बघायची होती आणि डेक्सकॉम जी४ तेव्हा ते दाखवत नव्हता. मग त्याने रिसीव्हरचा डेटा यूएसबी केबलने बाहेर काढला, अँड्रॉइड फोनवरून क्लाउडला पाठवला. २०१३ मध्ये तो कोड इतर आईबापांच्या हाती गेला आणि त्यातून नाइटस्काउट उभं राहिलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या एका मेळाव्यात "आम्ही थांबणार नाही" अशा अर्थाची घोषणा निघाली, ती आजही चालते.

पण त्या साखळीत किती बॅटऱ्या आहेत मोजा. ट्रान्समीटरची एक. रिसीव्हरची दुसरी. दप्तरातल्या फोनची तिसरी, जो रिसीव्हरलाही केबलमधून वीज पाजतोय. आईच्या फोनची चौथी. कुठलीही एक गेली की आई आंधळी. म्हणून नाइटस्काउटच्या पानावर साखरेच्या आकड्याजवळच एक बारकी गोळी दिसते: मुलाकडच्या फोनची बॅटरी किती टक्के. कोडमध्ये तिचं नाव अपबॅट. इशारा ३० टक्क्यांना, तातडीचा इशारा २० ला, हे ठरलेले आकडे आणि हवे तर बदलता येतात. मी पहिल्यांदा तो कोड वाचला तेव्हा त्यात अल्गोरिदम वगैरे काहीच नव्हतं, एका संख्येची दुसऱ्या संख्येशी तुलना. पण ज्याने ती लिहिली त्याचं मूल शाळेत होतं, हे त्या दोन ओळींतून कळत होतं.

त्याच सुमाराचं दुसरं ॲप एक्सड्रिप. त्याने कंपनी दाखवत नव्हती ती गोष्ट दाखवली: ट्रान्समीटरच्या आतलं व्होल्टेज. व्होल्टेज ए, व्होल्टेज बी, आणि रेझिस्टन्स. जी५ साठी व्होल्टेज ए ३०० च्या खाली गेलं की ॲप सावध करतं. ३०० म्हणजे ३.०० व्होल्ट, वरचा ३.१ चा हिशोब आठवा. कड्याच्या किती अलीकडे रेघ मारलीय बघा. आणि रेझिस्टन्स का? कारण म्हातारा सेल निवांत असताना धडधाकट दिसतो, पण रेडिओने एकदम वीज मागितली की त्याला धाप लागते. ती धाप रेझिस्टन्समध्ये दिसते.

लोकांना आतला आकडा दिसला आणि मग उद्योग सुरू झाले. ११२ दिवस झाले, व्होल्टेज तर चांगलं आहे, मग टाकून का द्यायचा? एक्सड्रिपमधून दिवसांचा काउंटर शून्यावर आणायची सोय आली. काही बहाद्दरांनी ट्रान्समीटरचं इपॉक्सी कोरून जुने सेल काढले, नवे बसवले, वरून पुन्हा बंद केलं. जी६ च्या नंतरच्या ट्रान्समीटरमध्ये काउंटर परत फिरवायची वाट कंपनीने बंद केली.

यावर माझं मत सांगतो, पटलं नाही तर कळवा. कॅलेंडरचं कुलूप म्हणजे निव्वळ लूट, असं मला वाटत नाही. धापा टाकणाऱ्या सेलवर ट्रान्समीटर मध्येच गप्प होतो, आणि तो नेमका पहाटे गप्प झाला तर काय होतं ते आमच्या घरात बघितलंय. कंपनी सगळ्यात अशक्त सेलचा हिशोब धरून तारीख ठरवते, ते तिचं कामच आहे. पण व्होल्टेज लपवण्याचं समर्थन मला जमत नाही. अंगाला चिकटलेल्या यंत्राचा आतला आकडा बघायला आईला अनोळखी माणसांनी फावल्या वेळात लिहिलेलं ॲप लागावं, हे बर्नस्टाइनच्या काळापासून फार पुढे आल्यासारखं वाटत नाही.

आणि आता फोन. २०१५ मध्येच, म्हणजे जी५ ने फोनला रिसीव्हर बनवलं त्याच वर्षी, अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आलं. फोन टेबलावर पडून असला, स्क्रीन बंद असली की मागे चालणारी ॲप झोपवून बॅटरी वाचवायची. रात्री दोन वाजता उशाशी पडलेल्या फोनचं हे अगदी अचूक वर्णन आहे. म्हणजे एक बॅटरी वाचवणारा प्रोग्रॅम दुसऱ्या बॅटरीची बातमी अडवू शकतो. म्हणून अशी ॲप टाकताना "बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा" हे पहिलं सांगतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने फोनवर चालणाऱ्या डायबेटिसच्या उपकरणांबद्दल जाहीर सूचना काढली: सेटिंगमुळे किंवा ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट झाल्यामुळे लोकांना महत्त्वाचे अलार्म ऐकूच आले नाहीत, तपासत राहा.

याहून वाईट प्रकार २०२४ चा. टँडम कंपनीचा इन्सुलिन पंप, जो सीजीएमच्या आकड्यांवर स्वतःच इन्सुलिन कमी-जास्त करतो. त्याच्या आयफोनवरच्या ॲपची २.७ ही आवृत्ती क्रॅश व्हायची. आयओएस ती आपोआप परत सुरू करायची, ती परत क्रॅश. प्रत्येक फेरीत पंपाशी ब्लूटूथवर नव्याने बोलणं. त्या बडबडीत पंपाचीच बॅटरी उतरायची आणि पंप अपेक्षेच्या बराच आधी बंद पडायचा. एफडीएने सर्वांत गंभीर वर्गातला रिकॉल जाहीर केला. एप्रिलच्या मध्यापर्यंत २२४ जणांना इजा झाल्याची नोंद होती, मृत्यू एकही नाही. दुरुस्ती २.७.१ मध्ये आली.

मी रोज हेच काम करतो. क्रॅश झालेलं ॲप आपोआप उठवायची सोय मी कितीदा कौतुकाने लिहिलीय. माझ्या ॲपमध्ये त्याने फार तर कुणाची ऑर्डर दोनदा जाते. हा रिकॉल वाचल्यावर मी आमच्या कोडमध्ये "पुन्हा प्रयत्न करा" कुठे कुठे लिहिलंय ते शोधत बसलो होतो.

इतक्यात यंत्रंही बदलली. लिब्रे आणि डेक्सकॉम जी७ यांत सेन्सर आणि ट्रान्समीटर एकच. १४ किंवा १० दिवसांनी सगळं कचऱ्यात. बॅटरी सेन्सरपेक्षा जास्त जगेल एवढी दिली की झालं, सूचना देण्याची गरजच उरली नाही. प्रश्न सुटला नाही, डस्टबिनमध्ये गेला. सेन्सीऑनिक्सचं एव्हरसेन्स याच्या उलट आहे. डॉक्टर दंडात बारीक कांडी रोवतात, तिच्यात बॅटरीच नाही. वरून चिकटवलेला ट्रान्समीटर त्वचेतून तिला वीज पुरवतो. २०१८ मध्ये ९० दिवसांचं होतं, २०२४ मध्ये वर्षभराचं आलं. पण वरचा ट्रान्समीटर रोज चार्ज करायचा, विसरलात तर तो दंडावरच थरथरतो. फोन झोपला असला तरी दंड झोपलेला नसतो.

ताईला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की पावणेतीनची ती सूचना म्हणजे पिवळा उजेड नव्हता, कड्याच्या अलीकडची रेघ होती, आणि ती फक्त एकदाच वाजली. आकडे यायचे थांबले तर वाजणारा अलार्म वेगळा असतो. तो तिच्या फोनवर बंद होता. कधीतरी परीक्षेच्या काळात कटकट नको म्हणून तिनेच बंद केला होता आणि विसरली होती. आता तो चालू आहे. फ्रिजच्या दारावर पाळीच्या दूधवाल्याचा हिशोब लावतात तसा एक कागद आहे, त्यावर भाच्याच्या अक्षरात ट्रान्समीटर लावल्याची तारीख. जुने तीन ट्रान्समीटर त्याने बुटाच्या खोक्यात ठेवलेत. दिवाळीच्या सुट्टीत मामाबरोबर एक उघडून आतले सेल बघायचेत, असं त्याने मला बजावलंय. मल्टिमीटर घेऊन येतो म्हटलंय.

पुढच्या भागात भेटू.